इंग्रजीचा सराव घरातच व्हावा
(हिंगोली येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



इंग्रजीची थोरवी गाण्यासाठी मी आज आपणांपुढे उभा नाही. ती आपणांस ठाऊक आहे, म्हणूनच पोटाला चिमटा घेऊन आपण मुलांच्या शिकवणीची फी भरीत आहात. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, फी भरल्याने इंग्रजी येत नाही. ती सरावाने येते, आणि तो सराव आपल्या घरात, एका वहीच्या आधाराने होऊ शकतो.

मध्यंतरी कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीची गाठ पडली. इंग्रजीतील बाराही काळांचा तक्ता तिला मुखोद्गत होता. मी तिला इंग्रजीत विचारले, ‘तुझे वडील काय करतात?’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘माय फादर वर्क.’ चूक झाली हे तिच्याच ध्यानात आले आणि पुढे ती बोललीच नाही. ‘वर्क’च्या शेवटी ‘स’ लावून ‘वर्क्स’ म्हणावे, हा नियम तिला परीक्षेत बिनचूक लिहिता येत होता. परंतु स्वतःच्या बापाविषयी एक वाक्य तिने जन्मात कधी इंग्रजीत उच्चारले नव्हते.

तिची चूक अडाणीपणाची नव्हती. मराठीत आपण ‘वडील काम करतात’ असे आदराने अनेकवचनात म्हणतो. इंग्रजीत वडीलही एकवचनी आणि गडीही एकवचनी. तेथे तू, तुम्ही आणि आपण या तिन्हींस मिळून ‘यू’ हा एकच शब्द आहे. ज्यांच्या आजोबांना गावात कोणी ‘अहो’ म्हटले नाही, त्यांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा. भाषेने समता येत नाही हे खरे. पण या भाषेत साहेबाशी बोलताना मान खाली घालणारे वेगळे सर्वनाम शोधावे लागत नाही.

आपल्या चुका बहुधा अशाच मराठीच्या वळणातून येतात. आपण ‘मी भाकरी खातो’ म्हणतो; इंग्रजीत क्रियापद मध्ये येते, भाकरी शेवटी जाते. आपला ‘वर’ टेबलाच्या मागे लागतो, त्यांचा ‘ऑन’ टेबलाच्या आधी येतो. आपण ‘मला भूक लागली’ म्हणतो, इंग्रज ‘मी भुकेला आहे’ अशा धर्तीने बोलतो. ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांना तर मराठीत जोडच नाही. ही वळणे नियम घोकून जिभेवर बसत नाहीत. तीच वाक्ये शंभर वेळा उलटसुलट बोलावी लागतात.

असा सराव घरी कसा होतो, याचे उदाहरण आपल्या फार जवळचे आहे. सुभेदार रामजी आंबेडकर यांनी भीमरावांकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे भाग घरीच करून घेतले. मराठी वाक्य घ्यावे, त्याचे इंग्रजी करावे. इंग्रजी घ्यावे, त्याचे मराठी करावे, अशी त्या पाठमालेची रीत. ज्या विद्यार्थ्यास अस्पृश्य म्हणून शाळेत संस्कृत घेता आले नाही व फारसी घ्यावी लागली, त्यानेच १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. आणि ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे त्यांनी मराठीतच चालविली. इंग्रजी शिकणे म्हणजे मायबोली सोडणे नव्हे, हेही यावरून कळावे.

आपण म्हणाल, रामजीबाबा लष्करी शाळेतील शिक्षक होते. आम्हांला इंग्रजी कोठे येते? प्रश्न रास्त आहे. आपल्या भागात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. पुढेही सरकारी मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. म्हणून आईबापांना इंग्रजी येत नसेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण मराठी तर येते ना? मग अर्धी पाठमाला आपल्यापाशी आहेच.

रोज रात्री जेवण झाल्यावर आईने पाच वाक्ये मराठीत सांगावीत. ‘आज हळद शिजवली.’ ‘उद्या बाजार आहे.’ ‘मला पगार मिळाला नाही.’ मुलाने ती मोठ्याने इंग्रजीत म्हणावीत आणि वहीत लिहावीत. रविवारी विहारात जमून एखाद्या शिक्षकाने किंवा कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने त्या वह्या तपासाव्यात. चुकलेले वाक्य पुसू नये. त्याच्या खाली बरोबर वाक्य लिहावे, म्हणजे आपले पाऊल कोठे घसरते ते दिसते.

शब्दांचेही तसेच. शब्दकोश पाठ करू नये. दिवसाला पाच शब्द घ्यावेत, ते आपल्या घरातले व रानातले असावेत, आणि प्रत्येकाचे एक वाक्य करावे. तेच शब्द दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी व आठव्या दिवशी पुन्हा विचारावेत. शब्दांचे कुटुंब ओळखावे: ‘ॲक्ट’ कळला की ‘ॲक्शन’, ‘ॲक्टिव्ह’, ‘ॲक्टर’ हे त्याच घरातले. रोज पाच म्हटले तरी वर्षाकाठी अठराशेवर शब्द होतात.

आणि मुलगा चुकला तर हसू नका. विशेषतः मुलीला हसू नका. एकदा मिटलेले तोंड उघडायला वर्षे लागतात.

हे सारे कशासाठी? संविधानाच्या ३४८ व्या कलमान्वये सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, आणि मुंबई उच्च न्यायालयाचेही इंग्रजीतच चालते. आपल्या जमिनीचा, नोकरीचा किंवा आरक्षणाचा निकाल ज्या भाषेत लिहिला जातो, ती भाषा आपल्या घरात एकाला तरी वाचता आली पाहिजे. दुसरे, आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी प्रयोगशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या योजल्या आहेत. तेथले शास्त्रज्ञ जगाशी इंग्रजीतून बोलतील. त्या भुजांसाठी माती वाहणारे हात आपले असतील, यात शंका नाही. आत बसून आकडे वाचणारे डोळेही आपले असावेत की नाही, हे आज रात्रीच्या पाच वाक्यांवर अवलंबून आहे.

ती मुलगी पुढे दोन महिन्यांनी भेटली. मी काही विचारण्यापूर्वीच ती म्हणाली, ‘माय फादर वर्क्स इन द फील्ड्स.’ वाक्य बिनचूक होते, आणि ते सांगताना तिची मान ताठ होती.

जय भीम.