डोंगरावरील न दिसणारी रेषा
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मला नेमून दिलेला आहे. ‘ऑगमेंटेड रिअॅलिटी’ हे त्याचे नाव. मराठीत त्यास ‘संवर्धित वास्तव’ असे म्हणतात. समोर जे खरोखर आहे ते तसेच दिसू द्यावयाचे आणि त्यावर, नेमक्या जागी, नसलेल्या वस्तूची भर घालावयाची, एवढाच त्याचा अर्थ. तथापि यंत्राकडे वळण्यापूर्वी माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

नोकरीच्या आरंभीच्या काळात मी सातवीस भूगोल शिकवीत असे. समोच्च रेषेची व्याख्या वर्गाकडून चांगली घोकून घेतली होती. शाळेच्या मागेच डोंगर होता. एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, ही रेषा आपल्या डोंगरावर कुठे आहे?” मी म्हणालो, “ती खरी नसते, कागदावरच असते. खाली बस.” ती बसली. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ती ऊसतोडीला गेली, ती पुन्हा शाळेत आली नाही. तिचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. कारण तो बरोबर होता आणि माझे उत्तर चुकीचे होते.

आता मूळ विषय. या विद्येचा पूर्वज संगणक नसून साधी काच आहे. 1862 साली नाताळच्या आदल्या दिवशी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर या गृहस्थांनी रंगभूमीवर भूत दाखविले. कल्पना मूळ हेन्री डर्क्स नावाच्या अभियंत्याची. पेपर यांनी ती नाट्यगृहास सोयीची केली. रंगमंचावर एक मोठी काच तिरपी उभी केलेली असे. प्रेक्षकांना ती दिसत नसे. खाली दडलेल्या नटावर प्रखर प्रकाश टाकला की त्याचे प्रतिबिंब काचेत उमटे आणि काचेपलीकडचा खरा नटही दिसत राही. खरा माणूस आणि खोटे भूत एकाच जागी!

हा प्रयोग आपणांस उद्याच करता येईल. खोलीत अंधार करा. कडांना चिकटपट्टी लावलेली स्वच्छ काच मेजावर उभी धरा. काचेच्या अलीकडे एक वीत अंतरावर आखूड मेणबत्ती लावा आणि पलीकडे तेवढ्याच अंतरावर पाण्याने भरलेला काचेचा पेला ठेवा. मेणबत्ती मुलांना दिसू नये म्हणून तिच्यापुढे पुस्तक उभे करा. पाण्याच्या आत ज्योत जळताना दिसेल. नंतर पुस्तक काढून घ्या आणि पेला थोडा मागे सरकवा. ज्योत पेल्यातून निसटेल. वस्तू आरशापुढे जितकी दूर, तितकेच तिचे प्रतिबिंब आरशामागे दूर, हे वाक्य फळ्यावर लिहिण्याची मग गरज उरत नाही.

याच तत्त्वावर 1968 साली अमेरिकेतील आयव्हन सदरलँड या तिशीतील संशोधकाने डोक्यावर घालावयाचे पहिले यंत्र सिद्ध केले. दोन्ही डोळ्यांपुढे लहान चित्रनलिका आणि अर्धपारदर्शक आरसे होते. त्यांतून खोली दिसे आणि खोलीत अधांतरी तरंगणारा, नुसत्या रेषांचा घनही दिसे. डोके वळविले की घनाची दुसरी बाजू दिसे. डोके कोठे वळले हे कळावे म्हणून यंत्र छतापासून एका यांत्रिक बाहूने जोडलेले होते. ग्रीक कथेत दामोक्लीसच्या डोक्यावर तलवार टांगलेली असते. छतावरून लोंबणाऱ्या या साधनासही तेच नाव पडले.

विषयाचे आजचे नाव रूढ झाले ते विमानांच्या कारखान्यात. बोइंग कंपनीत विद्युत्तारांचे जुडगे मोठ्या फळ्यांवर बांधीत, आणि निरनिराळ्या जुडग्यांसाठी निरनिराळ्या आखणीच्या फळ्या लागत. टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल यांनी 1990 च्या सुमारास असे सुचविले की फळी कोरीच ठेवावी आणि तारेचा मार्ग कामगाराच्या चष्म्यातून तिच्यावर दाखवावा. त्यांचा निबंध 1992 साली प्रसिद्ध झाला. कामगारास मार्गदर्शन हा तेथील हेतू होता, करमणूक नव्हे.

कलावंतही फार मागे नव्हते. 1994 साली ऑस्ट्रेलियात ज्युली मार्टिन यांनी नर्तकांस संगणकनिर्मित आकृतींबरोबर रंगमंचावर नाचविले. 2010 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात दोन कलावंतांनी परवानगी न घेता एक प्रदर्शन भरविले! भिंतीस कोणी हात लावला नाही. चित्रे फक्त फोनमधून पाहणाऱ्यास दिसत होती. 2016 साली फोनवरील पोकेमॉनच्या खेळाने मुले रस्त्यारस्त्यांतून धावू लागली, ते आपण जाणताच.

आपल्या कामाची पायरी 1999 ची. हिरोकाझू काटो या जपानी संशोधकाने कागदावर जाड काळ्या चौकटीचा चौरस छापला. पाटी तिरपी धरली की तिचा चौकोन कसा वेडावाकडा दिसतो ते आठवा. त्या वेडेवाकडेपणावरूनच संगणक कागदाची दिशा व अंतर मोजतो आणि त्यावर चित्र बसवितो. पुढे 2001 मध्ये काटो, मार्क बिलिंगहर्स्ट व इव्हान पूपिरेव्ह यांनी ‘मॅजिकबुक’ मांडले. साधेच पुस्तक, पण हातातील पडद्यातून पाहिल्यास पानावर दृश्य उभे राहते. आपल्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड ही निराळी वस्तू आहे. तो ध्वनी वा चित्रफितीकडे नेतो. वस्तूवर चित्र बसवीत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांत असे कोड आणून केलेल्या कार्याचा 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्काराने गौरव झाला, हे सांगताना मला आनंद वाटतो.

परंतु मला सर्वांत आवडते ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत 2012 च्या सुमारास ऑलिव्हर क्रायलोस यांनी तयार केलेली वाळूची पेटी. पेटीत साधी वाळू. वर खोली मोजणारा एक कॅमेरा, मूळचा खेळासाठी निघालेला, आणि एक प्रक्षेपक. मुलाने वाळूचा डोंगर केला की त्याच क्षणी त्यावर रंग व समोच्च रेषा उमटतात. डोंगर दाबला की रेषा विरळ होतात, कडा तासला की दाट. वाळूवर हात पसरून धरला की पाऊस पडतो आणि प्रकाशाचे पाणी दरीतून वाहू लागते. त्या मुलीने विचारलेली रेषा येथे डोंगरावरच आहे.

ही पेटी आपल्या शाळेत येईल असे आश्वासन मी देत नाही. एका फोनवर एक मूल पाहते आणि बाकीची एकोणतीस वाट पाहतात, हेही मला ठाऊक आहे. मोठ्या पडद्यावर नुसते तरंगणारे हत्ती दाखवून ‘तंत्रज्ञानाचा वापर केला’ असा अहवाल कोणी पाठवू नये, अशी माझी विनंती आहे. भर घातलेले चित्र ज्या वस्तूवर बसावयाचे ती वस्तूच वर्गात नसेल, तर ती केवळ चित्रफीत होय.

डोंगराची रेषा मात्र विजेवाचून दाखविता येते. घमेल्यात शाडूचा डोंगर करावा. एक बोट पाणी ओतावे आणि पाण्याची कड जेथे मातीस लागते तेथे खिळ्याने रेघ ओढावी. पुन्हा एक बोट पाणी, पुन्हा रेघ. शेवटी पाणी काढून टाकावे आणि मुलांना वरून पाहण्यास सांगावे. नकाशा समोर असतो. हे मला कळले तेव्हा मी वर्ग सोडून या पदावर आलो होतो.

पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने एक घमेले, दोन किलो शाडू, एक खिळा आणि कडा झाकलेली काच आणावी. मेणबत्त्या केंद्रशाळेत आहेत.