टपाल चाळणाऱ्याची नोकरी

(स्नेहमेळाव्यात 'माझं काम' या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आत्ताच आपल्या डॉक्टर मैत्रिणीने हृदयाच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगितलं. त्यानंतर मी उभी राहतेय ती मेलमधला कचरा गाळण्याबद्दल बोलायला! पण दहा मिनिटं मिळाली आहेत, ती सोडणार नाही.

मी मेलचे सर्व्हर सांभाळते. त्यांवर 'स्पॅमअसॅसिन' नावाची मुक्त प्रणाली चालते. जस्टिन मेसन यांनी ती २००१ साली पर्ल भाषेत लिहून सर्वांसाठी खुली केली. २००४ पासून ती अपाची फाउंडेशनकडे आहे. तिची पद्धत आपल्या पेपर तपासण्यासारखीच, फक्त उलटी. प्रत्येक मेलला शेकडो नियम लावतात, खटकलेल्या गोष्टीला गुण देतात, भरवशाच्या खुणेला गुण कापतात. बेरीज पाच झाली की मेल स्पॅम. जोडीला बेजचा प्रमेय असतो. कुठला शब्द कचऱ्यात किती वेळा आला आणि चांगल्या पत्रांत किती वेळा, यावरून संभाव्यता काढायची. सर, तुम्ही फळ्यावर लाल-पांढरे चेंडू काढायचात ना, तेच हे गणित.

आता गंमत ऐका. स्पॅम पाठवणारे कधीकधी पुढच्या सालाची तारीख टाकतात, म्हणजे त्यांची मेल यादीत सर्वांत वर राहते. ते पकडायला एक नियम होता: सालात 'वीस'नंतर एक ते नऊपैकी आकडा आला, की ती तारीख फार पुढची समजायची. म्हणजे २०१० ते २०९९. नियम लिहिला तेव्हा ठीकच होता. पण १ जानेवारी २०१० उजाडला आणि जगातली जवळजवळ प्रत्येक मेल 'भविष्यातली' ठरली! ३.२.० ते ३.२.५ या आवृत्त्यांत त्या एका नियमाचे ३.६ पर्यंत गुण पडत होते. पाचातले साडेतीन तिथेच गेले. दुरुस्ती विकास-आवृत्तीत आधीच झालेली होती, पण चालू सर्व्हरांपर्यंत पोचली नव्हती. त्या दिवशी नियम ताजे करा, नाहीतर सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून त्या नियमाचे गुण शून्य करा, एवढंच करायचं होतं. पण कळेपर्यंत कुणाकुणाची पत्रं कुठे गेली, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

म्हणून माझं मत पक्कं आहे. कचरा आत आला तर फक्त वैताग होतो, चांगलं पत्र अडलं तर नुकसान होतं. या प्रणालीचे स्वयंसेवकही तसंच बघतात. आपापल्या मेल हाताने निवडून ते नवा नियम त्यांवर चालवतात आणि कुठला नियम कुठे लागला एवढंच कळवतात, मेल कुणी कुणाला दाखवत नाही. शंभर स्पॅम पकडून दहा खरी पत्रं अडवणारा नियम मला फुकटही नको.

आपल्यातल्याच एकीचं सांगते, तिची परवानगी घेतली आहे. परदेशात असते. सरांच्या आजारपणाची मराठीत लिहिलेली मेल तिला पंधरा दिवसांनी कंपनीच्या स्पॅममध्ये सापडली. मी तिच्याकडून मेलचं हेडर मागवलं. कुठल्या नियमाने गुण दिले, त्याची यादीच त्यात असते. त्यात 'नको असलेली भाषा' हा नियम होता! तिथल्या कुणीतरी चालणाऱ्या भाषांत फक्त इंग्रजी लिहून ठेवली होती. आमच्या यादीत मराठी आहे, तिचा संकेत 'एमआर'. ती दोन अक्षरं तिथे घालायला लावली. सर आज समोर बसले आहेत, म्हणून हे हसत सांगता येतंय.

आणि संयोजकांनो, या मेळाव्याचं निमंत्रण निम्म्या वर्गाच्या स्पॅममध्ये का गेलं, तेही सांगते. नवा पत्ता, एकदम सगळ्यांना एकच मजकूर, वर ठळक अक्षरांत 'त्वरित पैसे भरा' आणि खाली बँकेचा खाते क्रमांक. मी नियम असते तर मीही गुण दिले असते! पुढच्या वेळी थोड्याथोड्या जणांना पाठवा आणि वर्गणीची मेल वेगळी ठेवा. ज्यांना ही मेल स्पॅममध्ये दिसली, त्यांनी ती पुसू नका, 'स्पॅम नाही' हे बटण दाबा.

बाई घड्याळ दाखवताहेत. थांबते.