बी मेलेलं नसतं
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेलं भाषण)



मृगाचं पाणी पडलं की आपल्या जिल्ह्यात पेरणीची घाई होते. मग पावसाचा खंड पडतो, कोंब करपतात आणि बियाणं पुन्हा उसनवारीनं आणावं लागतं. दुबार पेरणीनं किती घरं कर्जात बुडाली, हे यवतमाळवाल्यांना आम्ही काय सांगावं! पण त्याच धुऱ्यावरचा तरोटा पहा. त्याला कोणी पेरत नाही, तरी दर पावसाळ्यात हजर. आमच्या मायमाउल्यांनी त्याच्याच भाजीवर आषाढ काढले.

तरोट्याच्या बीचं कवच टणक. ते पाणी आत शिरू देत नाही. आत जीव असतो, पण निजलेला. उन्हाळ्याची ताप, रात्रीचा गारवा, मातीची घासण यांनी कवचाला कुठं बारीक चीर पडली की पाणी आत जातं, बी फुगतं. सगळ्यांना चीर एकाच दिवशी पडत नाही. म्हणून काही बिया यंदा उगवतात, काही पुढच्या साली, काही त्याहून उशिरा. पहिली खेप करपली तरी मातीत शिल्लक असतेच. सरकीचं तसं नाही. जिनिंगमध्ये ढिगाला ओल लागली की तिथंच कोंब फुटतात, हे आम्ही कामगारांनी पाहिलेलं आहे. पिकाच्या बियाण्यातला हा दम माणसानंच हजारो वर्षं निवडून निवडून घालवला. त्याला सगळं शेत एकदम उगवलेलं पाहिजे होतं.

चीनमध्ये आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेलं कमळाचं एक बी सुमारे १३०० वर्षांचं निघालं. कवच घासून पाणी दिलं, तर त्याला कोंब आला! शास्त्रज्ञांनी १९९५ साली हे प्रसिद्ध केलं. कोणी याला चमत्कार म्हणेल, आपण म्हणू नये. कारण जुळलं, कार्य झालं. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद दुसरं काय सांगतो?

आता आपल्या कामाचं. विहाराच्या कुंपणाला बाभूळ लावायची आहे. बी नुसतं खड्ड्यात टाकून महिन्यानं ‘बी खराब होतं’ म्हणू नका. पाणी उकळा, चुलीवरून उतरवा, त्यात बी टाकून रात्रभर राहू द्या. फुगलेलं लावा, न फुगलेलं फेकू नका, पुन्हा तसंच करा. बकऱ्यांच्या वाड्यातलं बी मिळालं तर उत्तमच, शेंगा खाऊन त्यांनी अर्धं काम केलेलं असतं. सागाचं मात्र निराळं. त्याची फळं भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची, असं बरेच दिवस. फॉरेस्टच्या रोपवाटिकेत राबलेल्या बायांना विचारा, त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

जयभीम.