वॉरंटी संपल्यानंतरची आलिशान गाडी

आलिशान एसयूव्हीचा दुरुस्तीखर्च तिच्या आजच्या किमतीवर ठरत नाही, ती शोरूममध्ये उभी होती तेव्हाच्या किमतीवर ठरतो. ऐंशी लाखांची गाडी आठ-नऊ वर्षांनी पंधरा-अठरा लाखांना मिळते. सुटे भाग मात्र ऐंशी लाखांच्या गाडीचेच राहतात. सेकंडहँड घेणाऱ्याची फसगत होते ती इथे. गाडी त्याच्या आवाक्यात आलेली असते, तिचे आजारपण आलेले नसते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला या गाड्यांचे अप्रूप जुने आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या ग्राहकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या. शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात ऑडीच्या क्यू मालिकेतील गाड्या जुळवल्या जातात, आणि याच जिल्ह्यातल्या फुलंब्रीहून तो कारखाना फार तर तासाभरावर आहे. पण जुळवणी इथे झाली म्हणून भाग इथे बनले असे होत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक पेट्या बहुतांशी परदेशातून येतात. पुण्यात २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जुळवणी सुरू झाल्यावर नव्या गाडीची किंमत जवळपास पाचव्या हिश्शाने उतरली, ती आयातशुल्क वाचल्यामुळे. सुट्या भागांना थोडा दिलासा मिळाला तो करातून: २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

नेहमीची एक तक्रार एअर सस्पेन्शनची असते. साध्या गाडीत पोलादी स्प्रिंग किंवा पाटे असतात. इथे त्यांच्या जागी हवा भरलेले रबरी फुगे असतात. रबर ऊन आणि धुळीने वाळते, घडीच्या जागी बारीक भेगा पडतात आणि हवा झिरपू लागते. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते, हे पहिले लक्षण. पुष्कळ मालक इथे चूक करतात: गाडी सुरू केली की ती पुन्हा उचलली जाते, म्हणून दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो, तापतो आणि शेवटी जळतो. एका फुग्याचे काम चार भागांचे होऊन बसते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पुढचा एक कोपरा बदलायला लाखाच्या आसपास किंवा त्याहून अधिक लागतात. बाहेरच्या कंपनीचा भाग निम्म्यात बसतो, पण टिकेल किती हे बनवणाऱ्यावर अवलंबून. रुंदीकरणाच्या काळात संभाजीनगर–जळगाव रस्ता वर्षानुवर्षे उखडलेला होता. त्या काळात त्या रस्त्यावर चाललेली गाडी विकत घेताना फुगे आधी तपासावेत.

दुसरा मोठा विषय डिझेल इंजिनाच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरचा, म्हणजे डीपीएफचा. त्यात साठलेली काजळी जाळून टाकायला सुमारे ६०० अंश तापमान लागते आणि त्यासाठी गाडी हमरस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सलग पळावी लागते. शेतावरून तालुक्याला आणि तालुक्यावरून घरी, एवढ्याच फेऱ्या असतील तर काजळी जळत नाही. जाळण्यासाठी जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते, त्याची पातळी वर चढते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले पाहून समाधान मानू नये. तो बिघाड आहे. अशा वापराला पेट्रोल गाडी बरी.

इंजिनाची टायमिंग चेन ही अधिक अवघड बाब. काही जर्मन डिझेल इंजिनांत ती गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे हजारांतल्या भागासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. बिल दीड लाखापासून चार लाखांपर्यंत जाऊ शकते आणि त्यातला मोठा वाटा मजुरीचा असतो. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड झाली, तर चेन किंवा तिचा ताण राखणारा टेन्शनर झिजला असण्याची शक्यता आहे.

गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभराचे’ असते, हा समज विक्रीच्या सोयीचा आहे. आठ गिअरचा जो झेडएफ गिअरबॉक्स अनेक कंपन्या वापरतात, त्याचा निर्माता ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगतो. हे काम हजारांत होते. गिअरबॉक्स उघडावा लागला तर लाखांत.

बाकीचे थोडक्यात. मराठवाड्याच्या मे महिन्यात थर्मोस्टॅटची प्लास्टिकची आवरणे आणि कूलंटचे पाइप तडकतात. मक्याच्या शेताशेजारच्या शेडमध्ये गाडी महिनाभर उभी राहिली तर उंदीर वायरिंग कुरतडतात. आधुनिक एलईडी हेडलाइट फुटला तर एका बाजूचेच दीड-दोन लाख होतात. समृद्धी महामार्गावर सलग वेगाने जाणाऱ्यांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर तापल्यावर फुटते.

पाण्याचा प्रश्न वेगळा. गिरिजा नदीला पूर आल्यावर पुलावरच्या पाण्यात उंच गाडी घातली आणि इंजिनाने पाणी ओढले, तर कनेक्टिंग रॉड वाकतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेले नुकसान साधा सर्वसमावेशक विमा सहसा देत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

जुनी गाडी घेण्यापूर्वी स्वतंत्र गॅरेजमध्ये स्कॅनर लावून सगळ्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांतील बिघाडाच्या नोंदी वाचून घ्याव्यात. नोंदी नुकत्याच पुसलेल्या आढळल्या तर सौदा तिथेच थांबवावा. सर्व्हिसच्या पावत्या सलग असाव्यात आणि गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिनावर पाहावी. खरेदीनंतर दरवर्षी दीड-दोन लाख रुपये दुरुस्तीसाठी बाजूला काढता येत नसतील, तर त्याच पंधरा-अठरा लाखांत वॉरंटीसह नवी साधी एसयूव्ही घ्यावी.