देवमाशामागची बोट लढाईवर



आमच्या कोसाडहून पश्चिमेला निघालं, की हजिऱ्याच्या कारखान्यांच्या वरच्या अंगाला सुवालीचा किनारा लागतो. 1612 च्या नोव्हेंबरात याच पाण्यात इंग्रज आणि पोर्तुगीज यांची जुंपली होती. इंग्रजांकडून लढल्या त्या ‘रेड ड्रॅगन’ आणि ‘होझिअँडर’. दोन्ही व्यापारी बोटी. त्या काळी तोफेशिवाय माल न्यायची सोयच नव्हती, त्यामुळे एकाच बोटीवर व्यापारही चाले आणि लढाईही. भारतीय नौदलाचा इतिहासही त्याच वर्षीच्या 5 सप्टेंबरपासून, ईस्ट इंडिया कंपनीच्या बोटी सुरतेला लागल्या त्या दिवसापासून मोजतात.

पुढे ही दोन कामं वेगळी झाली. युद्धनौका म्हणजे खास बांधणी, खास कारखाना, खास खर्च. पण 1939 साली दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटनला जुनाच धडा पुन्हा गिरवावा लागला. समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या आणि प्रत्येक मालवाहू ताफ्याबरोबर राखणदार हवा होता. मोठी विनाशिका बांधायला वेळ लागतो, आणि ती एका वेळी एकाच ठिकाणी असते. छोट्या, काटक, दर्यात टिकणाऱ्या बोटी हव्या होत्या, त्याही शेकड्यांनी. अशा बोटी तयारच होत्या, पण त्या अंटार्क्टिकाच्या बाजूला देवमासे मारत होत्या.

देवमाशाची शिकार करणारी बोट कशी असते, ते जरा जवळून पाहू. लांबी शंभर-सव्वाशे फूट. नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, उंच चौथऱ्यावर हार्पूनची तोफ. कप्तान उभा असतो तिथून या तोफेपर्यंत एक अरुंद पूल टाकलेला. देवमासा दिसला, की कप्तान सुकाणू दुसऱ्याच्या हाती देऊन त्या पुलावरून धावत पुढे जातो आणि स्वतः नेम धरतो. मासा बुडी मारतो, भलतीकडेच वर येतो. म्हणून बोट जागच्या जागी वळली पाहिजे. तोफेचा धक्का सोसायला नाळेखालचा सांगाडा मुळातच भक्कम केलेला असतो. शिवाय दक्षिणेकडच्या त्या समुद्रात वारा म्हणजे वादळच.

आता यात देवमाशाच्या जागी पाणबुडी घाला. तीही बुडी मारते, भलतीकडे वर येते, तिच्यामागेही झटकन वळावं लागतं. हार्पूनच्या जागी नौदलाची तोफ बसली, मागच्या बाजूला पाण्याखाली फुटणाऱ्या डेप्थ चार्जचे पिंप आले, तळाशी पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारं ॲसडिक यंत्र लागलं, की गस्तीची बोट तयार! नवल याचं, की या ॲसडिकलाही देवमासा आणि पाणबुडी यांतला फरक नेहमी कळत नसे. पाणबुडी समजून टाकलेल्या डेप्थ चार्जने मेलेले देवमासे वर आल्याच्या कहाण्या खलाशी सांगत. बिचाऱ्यांची सुटका नव्हतीच.

दक्षिण आफ्रिकेने अशा चार बोटी ताब्यात घेतल्या: ‘सदर्न मेड’, ‘सदर्न सी’, ‘सदर्न आइल्स’ आणि ‘सदर्न फ्लो’. 1941 च्या आरंभी त्या भूमध्य समुद्रात पोचल्या. फेब्रुवारीत तोब्रुकजवळ ‘सदर्न फ्लो’ सुरुंगावर गेली आणि तिच्यावरचा फक्त एक माणूस जिवंत हाती लागला. पुढच्या वर्षी, 11 जुलै 1942 ला, ‘सदर्न मेड’ने ‘प्रोटिआ’ नावाच्या जोडीदार बोटीबरोबर आणि एका विमानाच्या मदतीने ‘ओंदिना’ ही इटालियन पाणबुडी बुडवली. देवमासे मारणाऱ्या बोटीने शेवटी पोलादी मासा मारला.

पण माझ्या मते खरी मोठी गोष्ट आराखड्याची आहे. इंग्लंडमध्ये टीज नदीच्या मुखाजवळ स्मिथ्स डॉक नावाचा कारखाना होता, देवमासे धरणाऱ्या बोटी बांधण्यात हात बसलेला. तिथल्या विल्यम रीड यांनी ‘सदर्न प्राइड’ या त्यांच्याच 1936 च्या शिकारी बोटीचा आराखडा घेतला, लांबी वाढवली आणि नौदलाला दिला. त्यातून कॉर्व्हेट नावाच्या छोट्या राखणदार युद्धनौका आल्या. साध्या कारखान्यांनाही त्या बांधता येत, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण. वेग मात्र 16 नॉट, आणि पाण्यावरून पळणारी पाणबुडी त्याहून थोडी वेगवान. हलत इतक्या, की ही बोट ओल्या गवतावरही डोलेल, असं खलाशी म्हणत. ब्रिटन आणि कॅनडाने मिळून अशा अडीचशेहून अधिक बांधल्या. ब्रिटिशांनी त्यांना फुलांची नावं दिली. ‘मॅरिगोल्ड’, म्हणजे आपला झेंडू, हिने 1941 मध्ये एक जर्मन पाणबुडी बुडवली. झेंडूच्या हातून बुडणं त्या जर्मनांना कसं वाटलं असेल, कोण जाणे.

यांतल्या चार कॉर्व्हेट युद्धाच्या अखेरीच्या सुमारास आपल्या रॉयल इंडियन नेव्हीत आल्या आणि त्यांची नावं बदलली: ‘आसाम’, ‘सिंध’, ‘गोंडवाना’ आणि ‘मराठा’. म्हणजे देवमासे धरणाऱ्या बोटीच्या वंशातली एक बोट काही काळ का होईना, ‘मराठा’ म्हणून मिरवली.

आपल्या किनाऱ्यावर देवमाशाची शिकार हा धंदा नव्हता. मग 1939 साली मुंबईत काय हाती होतं? कोकणच्या आगबोटी! दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत चाकरमान्यांना गावी पोचवणाऱ्या. सरकारने त्या ताब्यात घेतल्या आणि त्यांच्यावर तोफा चढवल्या. ‘रत्नागिरी’, ‘नेत्रावती’, ‘पार्वती’, ‘प्रभावती’, ‘सत्यवती’, ‘कलावती’, ‘दीपावती’, शिवाय ‘रामदास’ आणि ‘सेंट अँथनी’. संतांच्या नावाची बोट आणि तिच्यावर तोफ! समर्थांना त्यात वावगं वाटलं नसतं, सेंट अँथनींचं मी सांगू शकत नाही.

शिकारी बोटीला होती तशी घट्ट नाळ यांना नव्हती. ज्या डेकवर माणसं वळकट्या पसरून झोपत, ओकाऱ्या काढत, नारळ-फणस सांभाळत, त्या डेकवर तोफेचा पाया बसवायचा होता. पण खलाशी पक्के होते. युद्धाआधी नौदलाची भरती बरीचशी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरूनच होई, त्यातही कोकणी मुसलमान फार. दर्याची सवय पिढ्यांची.

‘पार्वती’ तांबड्या समुद्रात सुरुंग काढायच्या कामावर गेली. बोटीच्या लोखंडाचं चुंबकत्व जवळ आलं, की फुटणारे सुरुंग तिथे पेरलेले होते. 30 एप्रिल 1941 ला असाबजवळ अशाच एका सुरुंगाने तिला बुडवलं.

‘प्रभावती’ची कथा मला जास्त टोचते, कारण तिला शत्रूने बुडवलंच नाही. 8 डिसेंबर 1941 ची रात्र. जपान नुकताच युद्धात उतरला होता आणि सगळ्यांचे डोळे जपानी पाणबुड्या शोधत होते. साडेपाचशे टनांची ‘प्रभावती’ दोन पडाव ओढत कराचीला निघाली होती आणि कारवारजवळ अंजदीव बेटापाशी थांबली होती. बाजूला पडाव लागलेले. अंधारात ती सगळी आकृती पाण्याला टेकलेली, ठेंगणी दिसली असणार. ‘ग्लासगो’ या ब्रिटिश क्रूझरला ती वर आलेली पाणबुडी वाटली आणि तिने सहा हजार यार्डांवरून तोफा डागल्या. ‘प्रभावती’ बुडाली. वाचलेल्यांना ‘ग्लासगो’नेच उचलून मुंबईला आणलं.

युद्ध संपल्यावर बोटी आपापल्या धंद्याला परतल्या. काही कॉर्व्हेट तर देवमासे धरणाऱ्या कंपन्यांनी विकत घेतल्या. ग्रीक जहाजमालक ओनॅसिस याच्या शिकारी ताफ्यात कॅनडाच्या जुन्या कॉर्व्हेट होत्या. त्या ताफ्यातल्या काही बोटी आणि त्यांचं मुख्य जहाज पेरूच्या नौदलाने 1954 मध्ये आपल्या हद्दीत शिकार केल्याबद्दल पकडलं आणि तीस लाख डॉलर दंड वसूल केला.

‘रामदास’ पुन्हा उतारू नेऊ लागली. 17 जुलै 1947, आषाढातली अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ती रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ लाटांनी कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जमेल तेवढ्यांना ओढून काढलं. लढाईच्या बोटीला वायरलेस लागतोच, उतारूंच्या ‘रामदास’वर मात्र तो नव्हता, आणि पोहून आलेले सांगेपर्यंत मुंबईला बोट बुडाल्याचा पत्ताही नव्हता.