तळटिपेत आलेला नियम



१९२६ साली जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठातले प्राध्यापक माक्स बॉर्न यांनी एक छोटा शोधनिबंध छापायला दिला. इलेक्ट्रॉन अणूवर आदळला, तर पुढे कोणत्या दिशेला जाईल, हा त्यातला प्रश्न. श्रोडिंगर यांच्या तरंग-समीकरणातून दिशेदिशेसाठी एकेक संख्या निघत होती. त्या संख्येवरून त्या दिशेला जाण्याची शक्यता कळते, असं बॉर्न यांनी लिहिलं. प्रुफं वाचताना त्यांच्या ध्यानात आलं, की शक्यता त्या संख्येवर नव्हे, तिच्या वर्गावर ठरते. त्यांनी तळटीप जोडली. पुंजभौतिकीचा प्रत्येक विद्यार्थी आज सुरुवातीलाच जो नियम शिकतो, तो असा आला.

श्रोडिंगर यांना वाटे, इलेक्ट्रॉन म्हणजेच ती पसरलेली लाट. पण गटिंगेनमध्येच बॉर्न यांचे मित्र जेम्स फ्रँक टकरींचे प्रयोग करत होते, आणि त्यात इलेक्ट्रॉन कण म्हणूनच सापडत होते. ते डोळ्यांसमोर असताना कण नाकारणं बॉर्न यांना पटेना. त्यांनी लाटेचा अर्थच बदलला. कण कुठे सापडण्याची किती शक्यता आहे, एवढंच ती सांगते. वेधशाळाही पावसाची शक्यता सांगते, पण तिथे आपली माहिती अपुरी असते. इथे निसर्गाकडेच याहून नेमकं उत्तर नाही, असं बॉर्न यांचं म्हणणं. आइनस्टाइन यांना ते कधीच मानवलं नाही. देव फासे टाकत नाही, हे त्यांचं गाजलेलं मत त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी पत्रातून कळवलं, ते बॉर्न यांनाच. वाद आयुष्यभर चालला, आणि मैत्रीही.

त्या तळटिपेच्या आदल्या वर्षी तरुण हायझेनबर्ग यांनी एक विलक्षण टिपण बॉर्न यांच्या हाती दिलं होतं. त्यातला चमत्कारिक गुणाकार म्हणजे मॅट्रिक्सचा, म्हणजे संख्यांच्या चौकटींचा गुणाकार, हे ओळखलं बॉर्न यांनी. हायझेनबर्ग यांना मॅट्रिक्स ठाऊकच नव्हत्या. मग पास्कुआल योर्डान यांच्यासह तिघांनी मिळून नवं यंत्रशास्त्र उभं केलं. १९३२ सालचं नोबेल मात्र एकट्या हायझेनबर्ग यांना मिळालं. हे बरोबर झालं नाही, असं मला वाटतं. हायझेनबर्ग यांनाही ते टोचलं, आणि त्यांनी तसं पत्र बॉर्न यांना लिहिलं.

ते पत्र आलं तेव्हा बॉर्न जर्मनीबाहेर होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू म्हणून त्यांची प्राध्यापकी गेली. आधी केंब्रिज, मग भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. त्यांनी तिथे कायम राहावं, अशी रामन यांची फार इच्छा होती, पण ते जुळून आलं नाही. १९३६ मध्ये ते एडिनबरोला गेले. आपल्या देशाच्या हाती केवढा माणूस लागता लागता निसटला!

ओपनहायमर यांनी बॉर्न यांच्याच हाताखाली डॉक्टरेट केली होती, टेलर यांनीही गटिंगेनमध्ये काम केलं होतं. दोघांची नावं पुढे अणुबॉम्बशी जोडली गेली. बॉर्न मात्र त्या कामापासून दूर राहिले. १९५४ मध्ये, त्या तळटिपेनंतर अठ्ठावीस वर्षांनी, तरंगाच्या त्याच अर्थासाठी त्यांना नोबेल मिळालं. तोवर ते जर्मनीत परतले होते. एप्रिल १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत लष्कराला अण्वस्त्रं देण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा अठरा शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की अशी शस्त्रं बनवण्यात, त्यांची चाचणी घेण्यात किंवा ती वापरण्यात आम्ही कोणताही भाग घेणार नाही. त्या पत्रकावर हायझेनबर्ग यांची सही आहे, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या बॉर्न यांचीही.