पिशवी सांभाळून लग्नाला

आतड्याच्या ऑपरेशननंतर आम्हा तिघींच्या पोटावर पिशवी आली. शौच तिच्यात जमतं. वास येईल या धास्तीनं आम्ही हळदीकुंकू, बारसं, सगळं सोडलं होतं. एकीनं तर सख्ख्या भाचीच्या लग्नाला जायचं म्हणून आदल्या रात्रीपासून उपास काढला. रिकाम्या पोटी वायू जास्तच धरतो. पिशवी मांडवात फुगली, म्हणून तिनं टाचणी टोचली! तसं कधी करू नका. वास तिथूनच सुटतो.

नीट चिकटलेली पिशवी वास बाहेर सोडत नाही. वास आलाच, तर कड सुटली का ते आधी बघायचं. म्हणून नवी पिशवी आम्ही आदल्या दिवशी लावतो, निघताना घाईत नाही. तिसरा हिस्सा भरली की रिकामी करतो. मांडवात पोचलो की संडास कुठे ते विचारूनच ठेवतो. कांदा, लसूण, कोबी, अंडी आदल्या दिवशी बंद. ताक चालतं. परकराची नाडी त्या जागेवर येऊ द्यायची नाही. सोबत मापानं कापलेली दुसरी पिशवी, पाण्याची बाटली, मऊ कापड.

परवा गावातल्या लग्नाला तिघी गेलो. पंगतीत बसून जेवलो.